आजीच्या दोन हातांचं बीपी

गोव्यातल्या पेडण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलं आहे, म्हणून फक्त मजकूर देते.

"मॅडम, माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. तिने नीटची परीक्षा देऊन डॉक्टर व्हावं अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा. पण गेल्या गणेश चवथीच्या आधी तिच्या आजोबांना अर्धांगाचा झटका आला आणि ते गेले. बीपीची गोळी त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केली होती. तेव्हापासून ही म्हणते, मला बीपीवर आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांवर संशोधन करायचंय, पेशंट तपासायचे नाहीत. माझ्या भावाने मशीन आणून दिलं, तर रोज संध्याकाळी माझ्या सासूबाईंचं बीपी घेते, तेही दोन्ही हातांचं, आणि वहीत लिहिते. उजव्या हाताला १५६, डाव्याला १३८ असं बरेच दिवस येतंय. दवाखान्यात वही दाखवली तर तिथे हसले. गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवू का, असंही विचारते. संशोधनात पोट भरतं का? शिकता शिकता वय निघून जाईल, याची भीती वाटते."

ताई,

तुमच्या पत्रात एक प्रश्न लेकीचा आहे आणि एक सासूबाईंचा. सासूबाईंचा आधी घेते, कारण तो थांबू शकत नाही. मी डॉक्टर नाही, पण एवढं नक्की सांगते की याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे न्या आणि वही बरोबर न्या. दोन हातांच्या बीपीत थोडा फरक सगळ्यांचाच असतो. वरच्या आकड्यात दहा-पंधराच्या पुढचा फरक टिकून राहिला, तर एका बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का हे डॉक्टर बघतात. शिवाय ज्या हाताचा आकडा जास्त, तोच उपचारासाठी धरायचा असतो. दवाखान्यात डावा हात पुढे केला असेल तर १३८ बघून 'ठीक आहे' म्हटलं गेलं असेल, आणि उजवा हात १५६ म्हणत असेल. हसण्यासारखं त्या वहीत मला काहीच दिसत नाही.

आता लेक. 'मला रिसर्च करायचाय' असं म्हणणारी मुलं माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात. कशावर, असं विचारलं की बहुतेक जण 'कॅन्सर' म्हणतात आणि आईकडे बघतात. तुमच्या मुलीने कुणी न सांगता दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. दोन आकडे जुळेनात, तेव्हा एक खोडून टाकला नाही, दोन्ही लिहिले. टक्क्यांपेक्षा मला हे मोठं वाटतं.

याच विषयातली एक गोष्ट तिला सांगा. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे ताणून बांधायचे आणि औषधाने ते आवळतात की सैल होतात ते बघायचे. वर्षानुवर्षं एक औषध टाकलं की तुकडा आवळायचा. १९७८ मध्ये मदतनीसाने पायऱ्यांच्या क्रमात गफलत केली आणि त्याच जातीच्या औषधाने तुकडा चक्क सैल झाला. दुसरा कुणी मदतनीसाला झापून प्रयोग पुन्हा लावला असता. फर्चगॉट कारण शोधत बसले. कळलं असं की तुकडे कापताना त्यांच्या आतलं पेशींचं पातळ अस्तर इतकी वर्षं घासलं जात होतं. अस्तर शाबूत असलं की वाहिनी सैल होते, कारण ते अस्तरच एक निरोप सोडतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. आज रक्तवाहिन्यांच्या आजारांवरचं निम्मं बोलणं त्या एका थराच्या अस्तराभोवतीच फिरतं.

पण हे वाचून संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट एवढंच चित्र तिच्या डोळ्यांपुढे नको. बीपीवरचं काम तीन जागी चालतं, आणि तिचा जीव कुठे रमेल हे तिला अजून माहीत नाही. अकरावीत माहीत असायची गरजही नाही.

एक जागा पेशंटच्या खाटेजवळची. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने बीपी किती उतरतं ते पेशंटवर नीट मोजून १९४९ साली इंग्लंडच्या हृदयविकारावरच्या नियतकालिकात छापलं, आणि आपल्या वैद्यांची मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेली. पुढे त्या औषधाने मन खचतं असं दिसू लागलं, चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं, तो भाग वेगळा. दुसरी जागा प्रयोगशाळेतली. जराराका या ब्राझीलच्या विषारी सापाच्या दंशाने बीपी झपकन खाली येतं. त्या विषातल्या घटकाचा माग काढत रसायनशास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल बनवलं, आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. सासूबाईंच्या गोळीचं नाव 'प्रिल'ने संपत असेल तर ती त्याच घराण्यातली. (काजू आपल्याकडे ब्राझीलहूनच आला. गोव्यातल्या म्हाताऱ्यांवर त्या देशाचे असे दोन उपकार.)

तिसरी जागा गावाची, आणि मला वाटतं तुमची मुलगी नकळत तिथेच उभी आहे. १९४८ सालापासून बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम नावाच्या छोट्या शहरातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नावं लिहून घेतली आणि दर दोन वर्षांनी त्यांना बोलावून तपासायला सुरुवात केली. औषध कुणाला द्यायचं नव्हतं. मोजायचं, लिहायचं आणि वाट बघायची. तोवर पुष्कळ डॉक्टरही वय वाढलं की बीपी वाढायचंच असं धरून चालायचे. वाढलेलं बीपी पुढे हृदयविकार आणि अर्धांग घेऊन येतं, हे अशा वह्यांमधून सिद्ध झालं. आज तिथे मूळ माणसांची नातवंडं तपासायला येतात.

या कामाला आपल्या गोव्यासारखी दुसरी जागा नाही असं मला कधी कधी वाटतं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. मधुमेह आणि बीपी ही एका घरात नांदणारी भावंडं, आणि दोघं मिळून वाहिन्या, मूत्रपिंड आणि डोळे पोखरतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, म्हणजे चमचाभरही नाही. तुमच्याच तालुक्यात आगरवाड्याची मिठागरं आहेत, आणि पावसाळ्यात कुणाच्या जेवणात खारा बांगडा नसतो? पापड, लोणचं, सुकी सुंगटं (कोळंबी), बेकरीचा पाव, यातून आपल्या पोटात किती मीठ जातं, आणि ते कमी करा असं सांगितलेलं लोकांना कसं पटेल, हे प्रश्न बाहेरून कुणी येऊन सोडवायचे नाहीत. आणि तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न तर त्याहून अवघड. गोळी होती, परवडत होती, लागूही पडत होती. तरी त्यांनी ती बंद का केली? बीपी दुखत नाही, त्यामुळे बरं वाटणं आणि बरं असणं यांतला फरक माणसाला कळत नाही. माझ्या वडिलांनीही हेच केलं होतं. याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन बोलावं लागतं.

आता एमबीबीएसबद्दल. तुम्ही घरात त्याचं भांडण केलंय असं पत्रावरून वाटतं, एकीकडे डॉक्टर, एकीकडे संशोधन. भांडायचं कारण नाही. माणसांवरच्या औषधचाचण्या चालवायच्या तर डॉक्टर असणं फार उपयोगी पडतं, आणि आयसीएमआर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतनही देते. तेव्हा तिने नीट जरूर द्यावी. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, जागा मिळाली तर ते घरापासून कदंबच्या बसने जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या ओपीडीत तिला एका सकाळी जेवढं बीपी दिसेल तेवढं पुस्तकात वर्षभर दिसणार नाही. 'पेशंट तपासायचे नाहीत' म्हणजे नेमकं काय, तेही विचारून बघा. दवाखाना उघडून बसायचं नाही, की आजारी माणसाजवळ जायलाच नको? रोज संध्याकाळी एक पेशंट ती तपासतेच आहे.

पण नीट एकदा, फार तर दोनदा. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी तिसऱ्यांदा बसायला लावलं. मुलगा हुशार होता आणि मीच हट्टाला पेटले होते. त्याची तीन वर्षं गेली. आज तो संख्याशास्त्रात एमएस्सी करून आजारांच्या आकडेवारीवर काम करतो. चवथीला भेटला की हसून म्हणतो, "मॅडम, एक वर्ष तुमचं."

म्हणूनच गणित सोडू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, आग्रहाने सांगते. १५६ आणि १३८ यांतला फरक खरा की योगायोग, याचं उत्तर गणितच देतं. शिवाय गणित ठेवलं की आयसर या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा तिला सोपी जाईल. त्यात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र चारही विषयांचे सारखे प्रश्न असतात. मशिनांत तिचं डोकं चालत असेल तर तोही रस्ता आहे. आयआयटी मद्रासच्या लोकांनी वाहिनी किती ताठर झाली आहे ते मानेवरून मोजणारं आर्टसेन्स नावाचं यंत्र बनवलं. त्यात डॉक्टरांइतकेच इंजिनिअर लागले.

नीटमध्ये नाही जमलं तर पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी पाच वर्षांचं बीएस-एमएस, नाही तर इथेच बीएस्सी किंवा बी.फार्म. करून गोवा विद्यापीठात किंवा बाहेर एमएस्सी. मग नेट-जेआरएफ ही पाठ्यवृत्तीची परीक्षा आणि पीएचडी. गावातल्या माणसांवर काम करायचं असेल तर पदवीनंतर सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच बघा, तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत ते होतं. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावरच वाचा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. एक मात्र आधीच सांगून ठेवते, रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करणारी मोठी प्रयोगशाळा हवी असेल तर काही वर्षं गोव्याबाहेर राहावं लागेल. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत नोकऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत, पण तिथे मुख्यतः औषध बनवणं आणि त्याचा दर्जा तपासणं चालतं. त्याला संशोधन समजून जाऊ नये.

पोट भरतं का? पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत जेआरएफला महिना ३७,००० रुपये मिळतात, नंतर ४२,०००, वर घरभाडं. २०२३ पासूनचे हे दर. कधी कधी चार-पाच महिन्यांचे पैसे एकदम येतात, त्यामुळे गाठीला थोडं ठेवावं लागतं. पीएचडीनंतरची दोन-चार वर्षं कंत्राटावरची आणि अनिश्चित असतात. ते लपवून मी तुम्हाला खूश करणार नाही. वयाचं म्हणाल तर बारावीनंतर पाच अधिक पाच-सहा, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस. एमबीबीएस, एमडी आणि डीएम करून हृदयरोगतज्ज्ञ व्हायलाही तिशी गाठावी लागते. डॉक्टर मुलीचं वय निघून जातं असं मात्र कुणी म्हणत नाही.

शेवटचं लेकीसाठी, तिलाच वाचायला द्या.

बाळा, तुझ्या वहीबद्दल मला एकच शंका आहे. तू आधी कुठला हात घेतेस? रोज आधी उजवा घेत असशील तर सावध हो. लागोपाठ मोजलं की पहिला आकडा बऱ्याचदा जास्त येतो, मग हात कुठलाही असो. म्हणजे तुझा १८ चा फरक हाताचा आहे की क्रमाचा, हे तुझ्या वहीवरून आज सांगता येत नाही. डॉक्टरांकडे जायला यासाठी थांबू नका, ते या आठवड्यातच. पण त्याचबरोबर पुढचे चौदा दिवस क्रम बदल, एक दिवस उजवा आधी, एक दिवस डावा. आजीला आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसव, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. चहा झाल्यावर अर्धा तास जाऊ दे. टीव्हीवर मालिका चालू असताना घेऊ नकोस, आणि मधे आजीने सूनबाईची तक्रार सुरू केली तर ते माप धरू नकोस, पण खोडूही नकोस, बाजूला कारण लिही. वहीत एक रकाना वाढव: 'आधी कुठला हात'. चौदा दिवस झाले की दोन्ही हातांची सरासरी काढ आणि मला कळव.