शालेय हॉकीत चमकलेली मुले व्यावसायिक हॉकीत मागे का पडतात?

आपण विचारले आहे की, आपला पुतण्या १७ वर्षांखालील गटात जिल्ह्यात सर्वांत उजवा ठरला आहे, तरी अशी हुशार मुले पुढे व्यावसायिक हॉकीत टिकत का नाहीत. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात अनेक वर्षे क्रीडाशिक्षक आहे. हाताखालून गेलेली मुले पाहून मी एवढे नक्की सांगू शकतो की, बहुतेकांचे कौशल्य कमी पडत नाही. त्या कौशल्यामुळे जे शिकण्याची त्यांच्यावर कधी वेळच आली नाही, ते कमी पडते.

आमच्या मैदानावर मुरूम आहे. चेंडू उसळत, दिशा बदलत येतो, त्यामुळे ज्याला उसळी ओळखता येते आणि ज्याचे मनगट चालते, तो मुलगा इथे राजा असतो. माझ्याकडे असा एक सेंटर फॉरवर्ड होता. घरचे चार एकर कोरडवाहू वावर. कापूस वेचणीच्या दिवसांत तो शाळा बुडवी, पण संध्याकाळचे मैदान कधी चुकवत नसे. चेंडू स्टिकला लागला की तीन-तीन मुलांना चुकवून तो डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरत असे. मग आम्ही संघाचा खेळच असा बसवला की, चेंडू मिळाला की त्याला द्यायचा. त्याच्याकडून चेंडू गेला की तो कमरेवर हात ठेवून उभा राही आणि बाकीची मुले धावून चेंडू परत आणून देत. आम्ही जिंकत होतो, म्हणून मी त्याला कधी टोकले नाही. ती चूक माझी होती आणि तिची किंमत त्याने मोजली.

निवड चाचणीसाठी त्याला पुण्याला टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, नेले. पहिलाच पास पाणी मारलेल्या टर्फवरून सरपटत आला आणि त्याच्या स्टिकखालून निघून गेला, कारण तो उसळीची वाट पाहत होता. हा दोष काही महिन्यांच्या सरावाने जातो. खरी अडचण नंतर दिसली. समोरच्या संघाला फ्री हिट (नियमभंगाबद्दल मिळणारा मोकळा फटका) मिळाली, तेव्हा हा पंचांकडे वळून दाद मागत राहिला; तोवर समोरच्या मुलाने चेंडू स्वतःच पुढे ढकलून खेळ सुरूही केला होता. २००९ पासून नियम तशी मुभा देतो, हे त्याला तोंडपाठ होते, पण अंगवळणी पडले नव्हते.

वरच्या पातळीवर १५ मिनिटांची चार सत्रे असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे फॉरवर्ड काही मिनिटे जीव तोडून धावतो, बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. त्या मिनिटांतला बहुतेक वेळ चेंडू त्याच्याकडे नसतोच. मोकळी जागा अडवणे आणि सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हेच त्याचे मुख्य काम असते. शिवाय अनुभवी बचावपटू शाळेतल्या मुलांसारखा चेंडूवर झडप घालत नाही. तो आतली वाट बंद करून तुम्हाला बाजूच्या रेषेकडे रेटत नेतो आणि ड्रिबलिंग तिथेच संपते. काही मुले तर केवळ वयाच्या मानाने लवकर वाढलेली असतात. इतरांची उंची आली की त्यांचे वेगळेपण उरत नाही.

हे सारे मोठ्यांमध्ये खेळूनच शिकता येते, आणि आपल्याकडे तीच सोय तोकडी आहे. नेदरलँड्स किंवा बेल्जियममध्ये अठरा वर्षांचा मुलगा क्लबच्या लीगमध्ये आठवड्यामागून आठवडे ऑलिंपिक खेळाडूंसमोर उभा राहतो. आपली हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर थांबली आणि थेट २०२४ च्या डिसेंबरअखेरीस परतली. मधल्या काळात विशीत आलेल्या मुलांचे फार नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ मध्ये लखनऊला ज्युनियर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला हरमनप्रीत सिंग त्याआधीच रिओ ऑलिंपिक खेळून आला होता. पुढे टोकियोला कांस्यपदक जिंकणाऱ्या संघातही तो होता. त्या ज्युनियर संघाच्या कर्णधाराला मात्र टोकियोच्या संघात जागा मिळाली नाही. भारताचे माजी कर्णधार धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीच्या गरिबीतून आले हे सगळे सांगतात, पण ते मुंबईला थोरल्या भावाकडे गेले आणि तो भाऊ मुंबईच्या लीगमध्ये खेळणारा आंतरराष्ट्रीय खेळाडू होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

माझा तो मुलगा चाचणीनंतर वर्षभर नेटाने खेळला. मग वडिलांना हाताखाली माणूस हवा होता. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी वेळेत मिळाली नाही, तर कोरडवाहू घरातला मुलगा याहून अधिक थांबू शकत नाही.

पुतण्याचा पुढचा सामना पाहाल, तेव्हा चेंडूकडे पाहू नका. त्याच्याकडून चेंडू गेल्यावर पुढचे दहा सेकंद तो काय करतो, तेवढे पाहा. आणि शक्य असेल, तर सुट्यांमध्ये त्याला नागपूरला मोठ्यांच्या एखाद्या संघात, बदली खेळाडू म्हणून का होईना, खेळू द्या. तिथे कोणी त्याला चेंडू आणून देणार नाही.