‘टॅटू काढला’ म्हणजे आला की गेला?

प्रश्न असा आहे: ‘टॅटू काढणे’ बरोबर की ‘गोंदणे’? आणि अंगावर चित्र काढण्याच्या सगळ्या प्रकारांना मराठीत एकच शब्द आहे का?

‘काढणे’ दुतोंडी आहे. रांगोळी काढतात, तसा डागही काढतात. ‘दंडावर टॅटू काढला’ म्हणजे तो आला. ‘दंडावरचा टॅटू काढला’ म्हणजे गेला. सगळी भिस्त त्या ‘चा’वर. जागेचा उल्लेख गळला आणि ‘टॅटू काढायचाय, किती वेळ लागेल?’ एवढंच विचारलं, तर उत्तर काय देणार? छोटी नक्षी तासाभरात होते, ती लेझरने घालवायची तर मध्ये काही आठवडे सोडत बऱ्याच बैठका लागतात. ‘काढून घेतला’ म्हणूनही गोंधळ मिटत नाही. ‘काढून टाकला’ म्हटल्यावर मात्र मिटतो.

‘गोंदणे’ला ही अडचण नाही. त्यात टोचणं गृहीतच आहे (हिंदीतल्या ‘गोदना’चाही अर्थ टोचणे, डिंक अर्थाचा ‘गोंद’ वेगळा). सुई शाई बाहेरच्या त्वचेतून आतल्या थरात, साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल नेते. बाहेरची त्वचा महिनाभरात झडून नवी येते, म्हणून शाई तिथेच अडली तर खपलीबरोबर जाते आणि रेघ तुटक दिसते. सुई फार खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरून कडा निळसर, फुटल्यासारख्या होतात. सुई हाताची असो की यंत्राची, क्रिया तीच, तेव्हा यंत्रालाही ‘गोंदणे’ चालतं. मात्र कारागीर गोंदतो, गिऱ्हाईक गोंदवून घेतं. ‘टॅटू गोंदवला’ जरा द्विरुक्त आहे, पण संदिग्ध तरी नाही. आणि ‘टॅटू’ही मुळात इंग्रजी नव्हे, तो पॉलिनेशियन भाषांतून 18व्या शतकात इंग्रजीत आला.

मेंदीची क्रियापदं तर फारच नेमकी आहेत. लेप लावतात, नक्षी काढतात, रंग चढतो. केसांना मेंदी लावतात, काढत नाहीत. ‘चढतो’ हे शब्दशः खरं: पानातलं लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं. लेप खरवडल्यावर रंग नारिंगी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. तळहातावर हा थर जाड, म्हणून तिथे सर्वांत छान चढतो. लेप काढल्या काढल्या हात पाण्यात घातले की फिका राहतो. तासाभरात काळीकुट्ट होणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त मात्र बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येऊ शकतात. तिला मेंदी म्हणणं हीच शब्दाची फसवणूक.

पाण्याने धुतले जाणारे रंग असतील तर ‘अंग रंगवणे’ पुरेसं आहे. ओल्या कागदावरून उतरणारी चित्रं उमटवतात, फार तर चिकटवतात, गोंदत नाहीत.

राहिला सर्वांना पुरेल असा शब्द. संस्कृत काव्यात गालांवर चंदन-कस्तुरीने काढलेल्या नक्षीला ‘पत्रलेखा’ म्हणतात. शब्द देखणा आहे, पण लेपापुरताच. ‘देहचित्रण’ म्हटलं तर ‘देहाचं चित्र’ असाही अर्थ निघतो. त्यापेक्षा ‘अंगावरची नक्षी’ म्हणावं आणि क्रियापद रंग किती खोल जातो त्यावरून निवडावं.