आरोपी 'फितूर' होतो का? (कबुली, जबाब आणि माघार)

प्रश्न असा आलाय: एका बातमीत वाक्य होतं, "आरोपीने पोलिसांकडे गुन्ह्याची कबुली दिली होती, मात्र कोर्टात तो फितूर झाला." हे मराठी बरोबर आहे का, आणि आधी केलेला आरोप किंवा दिलेली कबुली नंतर मागे घेणं याला मराठीत एकच असा नेमका शब्द आहे का?

आधी सोप्या भागाचं उत्तर. नाही, आरोपी फितूर होत नाही. फितूर होतो तो साक्षीदार, म्हणजे ज्या बाजूने त्याला साक्षीला बोलावलं त्याच बाजूच्या विरोधात तो बोलला तर. आरोपी मुळात सरकार पक्षाचा माणूसच नसतो, तो कोणाशी फितुरी करणार? एकच अपवाद म्हणजे माफीचा साक्षीदार. तो आधी आरोपी असतो, मग माफीच्या बदल्यात सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होतो, आणि तो उलटला तर त्याला फितूर म्हणता येईल. बातमीतला माणूस तसा नव्हता, त्यामुळे तिथे 'कबुलीजबाब नाकारला' एवढंच पाहिजे होतं.

पण मला खरी अडचण वाटते ती पुढची. फितूर हा शब्द अरबी-फारसीतून आलाय, हिंदीत 'फितूर' म्हणजे डोक्यातलं खूळ आणि आपल्याकडे मात्र तो गद्दारी, फंदफितुरी, गड आतून फितूर झाला म्हणून पडला, अशा अर्थाने रुजला. म्हणजे हा शब्द वापरला की आपण नुसतं 'साक्ष बदलली' एवढंच सांगत नाही, तर पहिली साक्ष खरी होती, दुसरी खोटी आहे आणि माणूस विकला गेलाय असा निकालही देऊन टाकतो. कायद्यात असं काही नाहीये. भारतीय साक्ष्य अधिनियमात (जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या कायद्यात) 'होस्टाइल', म्हणजे ज्याला आपण फितूर म्हणतो, हा शब्दच नाही, तिथे फक्त एवढं आहे की स्वतःच्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायला कोर्ट परवानगी देऊ शकतं. आणि फितूर ठरलेल्या साक्षीदाराची साक्ष अख्खी फेकून देत नाहीत, तिच्यातला जो भाग इतर पुराव्याशी जुळतो तो कोर्ट घेऊ शकतं.

कबुलीचं याच्या बरोबर उलटं होतं. 'कबूल' म्हणजे मान्य, आणि मराठीत आपण कबूल करतो ते खरं असलेलंच. "त्याने खोटी गोष्ट कबूल केली" हे वाक्य कानाला खटकतं ना? त्यामुळे 'गुन्ह्याची कबुली दिली' असं छापलं की वाचणाऱ्याच्या मनात गुन्हा सिद्ध झालेला असतो. एका शब्दात खरेपणा आधीच भरलेला आणि दुसऱ्यात खोटेपणा, मग जो माणूस मारामुळे कबूल झाला आणि कोर्टात जज्जसमोर खरं बोलला त्याच्यासाठी भाषेत जागाच उरत नाही.

आता 'जबाब' बघा. मूळ शब्द जवाब, म्हणजे उत्तर. उत्तर आहे म्हणजे कोणीतरी प्रश्न विचारलेला असणार. पोलिसांकडचा जबाब ज्यांनी वाचलाय त्यांना ती ठरलेली सुरुवात माहीत असेल, "मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की..." आणि शेवटी "माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे." यातला 'विचारल्यावरून' हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण काय विचारलं ते कागदावर कुठेच नसतं. "चाकू विहिरीत टाकलास ना?" असं विचारलं आणि माणूस "हो" म्हणाला, तरी कागदावर येतं "मी चाकू विहिरीत टाकला." वाचणाऱ्याला वाटतं, करणाऱ्याशिवाय हे कोणाला माहीत असणार! खोट्या कबुल्या खऱ्या वाटतात त्या बहुतेक वेळा अशानेच. तपशील विचारणाऱ्याच्या तोंडचा असतो आणि नाव सांगणाऱ्याचं.

साक्षीदाराच्या पोलीस जबाबावर तर सहीसुद्धा घ्यायची नसते, तसा कायदाच आहे. म्हणून मग कोर्टात ते नेहमीचं वाक्य येतं, "मी पोलिसांना असं सांगितलं नव्हतं, त्यांनी तसं का लिहिलं याचं कारण मी सांगू शकत नाही." हे वाक्य दबावाला बळी पडलेला साक्षीदार म्हणतो आणि ज्याने खरोखरच तसं सांगितलं नव्हतं तोही अगदी हेच म्हणतो. दोघांनाही आपण फितूर म्हणतो.

कायद्याला हे फार आधीपासून ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमात तेच कलम २३ मध्ये आलंय. कबुलीजबाब घ्यायचा तर मॅजिस्ट्रेटने, आणि त्याआधी आरोपीला स्पष्ट सांगायचं की तू बोलायला बांधील नाहीस, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. तो नंतर मागे घेतला तरी आपोआप रद्द होत नाही, पण दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा असल्याशिवाय निव्वळ त्याच्यावर शिक्षा देऊ नये असं कोर्टं सांगत आलीयेत. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या) कायद्यात मात्र एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक, किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात असेच कबुलीजबाब होते, आरोपींनी ते नाकारले होते, तरी विशेष कोर्टाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी धरलं आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं (सरकार त्यावर सुप्रीम कोर्टात गेलंय).

आणि हे काही आजचं नाही, आपल्यापुरतंही नाही. इंग्लंडमध्ये १६६० साली कॅम्पडेन गावचा विल्यम हॅरिसन नावाचा म्हातारा वसुलीला गेला तो परतलाच नाही, रस्त्यात त्याची फाटलेली टोपी आणि रक्त लागलेली गळपट्टी मिळाली. त्याचा नोकर जॉन पेरी याने सांगितलं की माझ्या आईने आणि भावाने त्याला मारलं, मीही त्यात होतो. कोणी मारून काढलेली कबुली होती असंही दिसत नाही. खटल्यात पेरीने ते सगळं मागे घेतलं, तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणाला, पण कोणी ऐकलं नाही, १६६१ मध्ये आई आणि दोन्ही मुलगे फासावर गेले. १६६२ मध्ये हॅरिसन जिवंत परत आला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही. पेरीबद्दल आजच्या पद्धतीने बातमी लिहिली असती तर 'कबुली देऊन नंतर घूमजाव' असंच लिहिलं असतं की!

आरोप मागे घेण्याचंही तसंच. अमेरिकेत गॅरी डॉटसन याला १९७९ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, १९८५ मध्ये तक्रार करणारीनेच पुढे येऊन सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. कोर्टाने तिच्या माघारीवर विश्वास ठेवला नाही. १९८९ मध्ये डीएनए तपासणीवरून तो निर्दोष ठरला, म्हणजे दुसऱ्यांदा बोलली तेच खरं होतं. पण यावरून माघार घेतली म्हणजे आधीचा आरोप खोटा होता असं धरलं तर तेही तितकंच चुकेल. धमकी येते, घरचे दबाव आणतात, खटला वर्षानुवर्षं चालतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच घरात राहायचं असतं, आणि खरी तक्रार करणारी बाई म्हणते की नको आता. म्हणून 'आरोप मागे घेतला' आणि 'आरोप खोटा होता असं सांगितलं' हे दोन वेगळे वाक्प्रयोग आहेत, ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत. शिवाय गंभीर फौजदारी गुन्ह्यात खटला सरकार चालवतं, त्यामुळे 'केस मागे घेतली' हे फिर्यादीच्या हातात नसतंच, तो फार तर आपलं म्हणणं मागे घेतो.

जाता जाता, 'आरोप' हा शब्द वृक्षारोपणातल्या रोपणाचा सख्खा भाऊ, मूळ अर्थ वर चढवणं, लावणं. वेदान्तात दोरीवर सापाचा अध्यारोप होतो (म्हणजे दोरीलाच साप समजलं जातं) आणि तो दूर करण्याला तिथे 'अपवाद' म्हणतात. आरोप उतरवणं यासाठी इतका नेमका शब्द होता, पण लोकापवादात तोच बदनामी होऊन बसला आणि रोजच्या मराठीत 'वगळलेली गोष्ट' झाला, त्यामुळे आता वापरता येणार नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

तर एकच शब्द नाही, आणि नाही तेच बरं, कारण कोण काय मागे घेतंय त्यावर क्रियापद बदलतं. आरोपी "मी असं बोललोच नाही" म्हणत असेल तर कबुलीजबाब नाकारला, "बोललो होतो पण मारलं म्हणून" म्हणत असेल तर मागे घेतला. साक्षीदारासाठी 'आधीच्या जबाबाला दुजोरा दिला नाही' हे मला सगळ्यात आवडतं, थोडं लांब आहे पण त्यात कोणाला गद्दार ठरवलेलं नाही. कोर्टाने तसं जाहीर केलं असेल तर 'फितूर घोषित केलं' लिहायला हरकत नाही, कारण मग तो शब्द कोर्टातला आहे, आपला नाही. जबाब फिरवला, पलटला, उलटला हे बोलताना ठीक आहेत पण तिन्हींना लबाडीचा वास आहे. तुम्ही दिलेलं वाक्य मी असं लिहीन: "आरोपीने गुन्हा मान्य केल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं, कोर्टात मात्र त्याने तो जबाब नाकारला."