सर्वांत उंच, पण मोजलं कुठून?

जगातल्या खंडांमधली सर्वांत उंच, सर्वांत खोल, सर्वांत उष्ण ठिकाणं कोणती, याविषयी वाचकांचे बरेच प्रश्न जमले आहेत. उत्तर एका नावात संपत नाही, मोजण्याची पद्धत तपासावी लागते, असे प्रश्न या वेळी मुद्दाम निवडले आहेत.

प्रश्न : एव्हरेस्ट सर्वांत उंच असं शाळेत शिकलो. आता इक्वेडोरमधलं चिंबोराझो त्याहून उंच असल्याचं वाचण्यात आलं. खरं काय मानायचं?

दोन्ही विधानं खरी आहेत, कारण दोन्हींची मोजणी वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टची उंची 8,848.86 मीटर आहे. नेपाळ आणि चीन यांनी 2020 मध्ये मिळून हा आकडा जाहीर केला. चिंबोराझो 6,263 मीटर, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा अडीच हजार मीटरहून अधिक बुटकं.

पण पृथ्वी नेमकी गोल नाही. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तिच्या केंद्रापासून विषुववृत्त सुमारे 6,378 किलोमीटरवर, तर ध्रुव 6,357 किलोमीटरवर येतात. या 21 किलोमीटरपुढे कुठल्याही पर्वताची उंची थिटीच. चिंबोराझो विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे, एव्हरेस्ट जवळजवळ 28 अंश उत्तरेला. त्यामुळे केंद्रापासून मोजलं, तर चिंबोराझोचा माथा एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर भरतो.

तिसरा दावेदार हवाई बेटांवरचा मौना केआ. पाण्याबाहेर तो 4,207 मीटरच दिसतो. समुद्रतळावरच्या पायथ्यापासून मोजला, तर 10,000 मीटरच्या पुढे जातो.

माझं मत विचाराल, तर मान एव्हरेस्टलाच द्यावा. जगातले सगळे डोंगर आपण समुद्रसपाटीपासूनच मोजतो, आणि तुलना करायची तर माप एकच हवं. तरी या मापातही खाचाखोचा आहेतच. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्यामुळे समुद्राची पातळीसुद्धा एकसारखी नसते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा पृष्ठभाग गणिताने आखलेल्या आदर्श पातळीपेक्षा तब्बल 100 मीटरहून अधिक खाली गेलेला आहे.

प्रश्न : युरोपातलं सर्वोच्च शिखर मों ब्लां की एल्ब्रुस?

सीमा कुठे आखता, त्यावर हे ठरतं. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही. उरल पर्वतावरून जाणारी सीमा अठराव्या शतकात रूढ झाली, ती माणसांनी ठरवून. खरा वाद आहे तो कॉकेशस पर्वताचा. त्याच्या मुख्य रांगेवरून सीमा काढली, तर रांगेच्या उत्तरेचा 5,642 मीटर उंच एल्ब्रुस युरोपात येतो. सीमा त्याहून उत्तरेच्या सखल भागातून नेली, तर तो आशियात जातो आणि सुमारे 4,800 मीटरचा मों ब्लां पहिला ठरतो. आज बहुतेक गिर्यारोहक एल्ब्रुसच धरतात.

प्रश्न : अंटार्क्टिकावर एवढा बर्फ असताना त्याला वाळवंट का म्हणतात?

वाळवंट ठरतं ते पर्जन्यमानावरून. वाळूचा किंवा उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात वर्षाकाठी पडणारा बर्फ वितळवला, तर 50 मिलिमीटर पाणीही भरत नाही. हवा इतकी थंड असते, की तिच्यात बाष्प टिकतच नाही. मग एवढा बर्फ आला कुठून? पडलेला वितळलाच नाही, म्हणून. वर्षानुवर्षं थरावर थर दबत गेले. तिथे छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या एका गाभ्यात (लांब दंडगोल नमुन्यात) 8 लाख वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली सापडली आहे. मला या खंडाविषयी सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

सुमारे 1.4 कोटी चौरस किलोमीटरचं हे जगातलं सर्वांत मोठं वाळवंट. सहारा त्याच्यापुढे 90 लाखांच्या आसपास. याच खंडावर व्होस्तोक या संशोधन केंद्रात 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश सेल्सियस नोंदवले गेले. सरासरी उंचीतही अंटार्क्टिका सगळ्या खंडांच्या पुढे आहे, 2,000 मीटरच्या वर; आशियाच्या दुपटीहून जास्त. मात्र ही उंची मुख्यतः बर्फाची आहे. खालच्या खडकाचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली दबलेला आहे.

प्रश्न : मग जमिनीवरची सर्वांत खोल जागा मृत समुद्राचा काठ हीच ना?

उघड्या जमिनीपुरतं बोलायचं तर हो. समुद्रसपाटीच्या सुमारे 430 मीटर खाली, आणि पातळी वर्षाला साधारण एक मीटरने घटते आहे. जॉर्डन नदीचं पाणी वरच्या वर वळवलं जातं आणि क्षार काढण्यासाठी मृत समुद्राचं पाणी आटवलं जातं, त्याचा हा परिणाम. बर्फाखालची जमीन धरली, तर अंटार्क्टिकातल्या डेनमन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीच्या सुमारे 3,500 मीटर खाली जाते.

प्रश्न : जुन्या पुस्तकात सर्वांत उष्ण ठिकाण लिबियातलं अल अझीझिया (58 अंश) असं आहे. नव्या पुस्तकात ते का नाही?

कारण 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. ती 13 सप्टेंबर 1922 ची होती. तज्ज्ञांनी मूळ नोंदवही तपासली, तेव्हा 11 सप्टेंबरपासून अक्षर बदललेलं दिसलं, म्हणजे नोंदी करणारा माणूस नवा होता. तो आकडे चुकीच्या रकान्यांत लिहीत होता. वापरात असलेल्या जुन्या धर्तीच्या तापमापकात एक बारीक सरकती खूण असे. कमाल तापमान तिच्या खालच्या टोकाशी वाचायचं असतं. त्याने ते वरच्या टोकाशी वाचलं असावं, असा निष्कर्ष निघाला. त्या खुणेची लांबी जवळपास 7 अंशांइतकी होती. नव्वद वर्षं सगळ्या जगाने पाठ केलेला आकडा एका टोकाच्या गफलतीतून आलेला!

आता अधिकृत उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा आहे : 10 जुलै 1913 रोजीचे 56.7 अंश. त्यावरही काही हवामानतज्ज्ञ शंका घेतात, आणि लिबियाची नोंद तपासली गेली तशीच हीसुद्धा बारकाईने तपासली जावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आफ्रिकेचं दक्षिण टोक केप ऑफ गुड होप ना?

नाही, केप अगुल्हास. ते सुमारे 150 किलोमीटर आग्नेयेला आहे.

प्रश्न : नकाशात ग्रीनलँड ऑस्ट्रेलियापेक्षा मोठं दिसतं, तरी बेट ग्रीनलँड आणि खंड ऑस्ट्रेलिया, असं का?

नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा असणार. 1569 मधली ही पद्धत जहाजांना दिशा दाखवण्यासाठी उत्तम, क्षेत्रफळासाठी निरुपयोगी. 60 अंश अक्षांशावर ती लांबी-रुंदी दुप्पट करते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलँडचा बहुतांश भाग त्याहून उत्तरेला आहे. प्रत्यक्षात ते सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटरचं आणि ऑस्ट्रेलिया 76.9 लाखांचा. शिवाय ग्रीनलँड उत्तर अमेरिकेच्याच भूपट्टावर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यावर, आहे.

ऑस्ट्रेलिया मात्र दरवर्षी सुमारे 7 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. 1994 मधल्या स्थितीवर बेतलेले त्याचे अक्षांश-रेखांश 2020 पर्यंत 1.8 मीटरने चुकणार होते. त्यामुळे त्या देशाला सगळे निर्देशांक नव्याने ठरवावे लागले.