व्हर्नन आणि आयरीन कॅसल या नृत्यजोडीची कारकीर्द इतक्या लवकर का संपली?

कारण पहिलं महायुद्ध: व्हर्नन मूळचा इंग्लंडमधल्या नॉरिचचा, १९१६ मध्ये तो ब्रिटिश हवाई दलात (रॉयल फ्लाइंग कोअर) गेला आणि १५ फेब्रुवारी १९१८ला टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ नवशिक्यांना विमान चालवायला शिकवताना अपघातात मरण पावला, वय ३०. दुसऱ्या विमानाशी टक्कर टाळायला त्याने विमान एकदम वर खेचलं, ते स्टॉल झालं (पंखांना उचल मिळेनाशी झाली) आणि सावरण्याइतकी उंचीच उरली नव्हती.

म्हणजे जोडी म्हणून हातात जेमतेम चार वर्षं. १९१२ मध्ये पॅरिसच्या ‘कॅफे द पारी’त नाव झालं, १९१३च्या अखेरीस न्यूयॉर्कला ‘कॅसल हाऊस’ ही नृत्यशाळा निघाली, १९१४ मध्ये दौरा आणि ब्रॉडवेवर ‘वॉच युअर स्टेप’ ही संगीतिका. त्यांचा ‘कॅसल वॉक’ दिसायला निव्वळ चालणं: चवड्यांवर, पाय ताठ, ठोक्याला एक लांब पाऊल. गंमत अशी की ठोक्यावर बाकीचे खाली येत, हे वर उचलले जात. गुडघे वाकले की सगळी मजा गेली.

मात्र संपली ती फक्त जोडी. आयरीन १९१७ मध्येच ‘पॅट्रिया’ या मूकपट मालिकेत झळकली होती. आणि फॉक्सट्रॉट या जोडीनृत्याचं सगळं श्रेय या दोघांना देऊ नका, त्यात त्यांचे कृष्णवर्णीय बँडप्रमुख जेम्स रीस युरोप यांचा मोठा वाटा आहे.