मोठ्या संशोधन सुविधांमुळे विद्यापीठांतील वेगवेगळ्या विषयांचे संशोधक एकत्र कसे येतात?

याचे मुख्य कारण असे, की ही उपकरणे एका विभागाला परवडणारी नसतात आणि एका विषयाच्या ज्ञानावर चालतही नाहीत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉन वलयात अतिवेगाने फिरवणाऱ्या यंत्राचे, उदाहरण घेऊ. तेथे सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांच्यापासून मिळणारे क्ष-किरण वेगवेगळ्या बीमलाइनांवर, म्हणजे किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या मार्गांवर, एकाच वेळी वापरता येतात. त्यामुळे एकीकडे प्रथिनांच्या स्फटिकांची रचना अभ्यासली जात असताना दुसरीकडे एखाद्या उत्प्रेरकातील अणूंची मांडणी तपासली जाऊ शकते.

मात्र केवळ एका छताखाली काम केल्याने सहकार्य घडत नाही. स्फटिक कसा वाढवायचा हे जीवरसायनशास्त्रज्ञाला ठाऊक असते, किरण टिपणाऱ्या उपकरणाच्या (डिटेक्टरच्या) मर्यादा भौतिकशास्त्रज्ञाला कळतात, आणि बीमटाइम, म्हणजे किरण वापरण्याचा वेळ, मोजकाच मिळत असल्याने प्रयोगाची आखणी दोघांना आधीच एकत्र बसून करावी लागते. माझ्या मते या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा, पण सर्वांत कमी दखल घेतला जाणारा दुवा म्हणजे बीमलाइन सांभाळणारा शास्त्रज्ञ, कारण दोन्ही विषयांची परिभाषा तोच जोडतो.

विद्यापीठांना ही दारे उघडी व्हावीत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांचा संयुक्त संशोधन संघ इंदूरमध्ये कार्यरत आहे. आपल्या विद्यापीठात असे काम वाढवायचे असेल, तर दोन विभागांच्या संयुक्त मार्गदर्शनाखाली पीएचडी करण्याची सोय आधी करावी.