नोकरी, कॉलेज आणि "मॅम, मी आळशी झालेय का?"

समुपदेशनाला येणाऱ्या मुलांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. नोकरी करून कॉलेज करतोय, आधी जमत होतं, आता काहीच होत नाही, पुस्तक उघडलं की तीच ओळ पाच वेळा वाचतो, कामावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, मी आळशी झालोय का? ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या सगळ्या पट्ट्यात अशी मुलं ढिगाने आहेत, सकाळचं कॉलेज आणि दुपारपासून शिफ्ट. आणि गंमत म्हणजे प्रश्न विचारतानाच उत्तर त्यांनी ठरवून टाकलेलं असतं की हो, आळशीच झालोय, आता मॅडमनी फक्त एक कडक टाइमटेबल बनवून द्यावं. पण तो आळस नसून बर्नआउट असू शकतो, म्हणून ही एक केस सांगते. मुलीची परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. ऋतुजा म्हणूया तिला.

वय 20, एसवायबीकॉम, म्हणजे बीकॉमचं दुसरं वर्ष, घर कळव्याला चाळीत. वडील रिक्षा चालवायचे पण मणक्याचं दुखणं निघाल्यापासून कधी चालवतात कधी नाही, धाकटा भाऊ दहावीला. ऋतुजा सकाळी सातला ठाण्यात कॉलेजला, साडेअकराला सुटून घरी, जेवून परत बाहेर, दुपारी दोन ते रात्री अकरा ऐरोलीला एका कंपनीत चॅट सपोर्ट. जाताना ट्रेन, येताना कंपनीची कॅब, आणि कॅब काही थेट येत नाही, आधी दिघा, मग विटावा, तिथल्या सगळ्यांना सोडत सोडत हिचा नंबर शेवटचा, म्हणजे घरी साडेबारा.

आईच घेऊन आली होती. "मॅडम, हुशार आहे हो पोरगी, बारावीला चांगले मार्क होते, आता दोन विषय राहिले, केट्या लागल्या, हजेरी कमी म्हणून ब्लॅकलिस्टला नाव लागलं, घरी काही विचारलं की खेकसते." ऋतुजा खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत बसलेली. आईला जरा बाहेर बसवल्यावर तिने जे सांगितलं ते असं, की दोन आठवड्यांपूर्वी ती शिफ्टला जायला निघाली आणि ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर येऊन बाकावर बसली. ऐरोलीवरून जाणारी वाशी ट्रेन लागली, उठली नाही. पनवेल लागली, उठली नाही. परत वाशी गेली. "मॅम मला कळत होतं की लेट होतंय, लॉगिन मिस झालं तर हाफ डे लागणार, टीम लीडरचे, टीएलचे फोन पण येत होते, पण पायच उचलत नव्हते. मी रडत पण नव्हते. नुसती बघत होते."

मी विचारलं, आजारी पडावंसं वाटतं का कधी? ती एकदम वर बघायला लागली. "तुम्हाला कसं कळलं? मला सारखं वाटतं टायफॉईड व्हावा. चार दिवस ॲडमिट झाले तर कोणी काही बोलणार नाही, झोपता येईल."

हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय ना, कोणाला टायफॉईड हवा असतो, कोणाला छोटासा ॲक्सिडेंट, पाय मोडावा पण फार नको. पालकांनी हे हसण्यावारी नेऊ नये. ज्या मुलाला विश्रांती घ्यायला आजारपणाचं सर्टिफिकेट लागतं ते मूल आळशी नसतं, आळशी माणूस बिनधास्त झोपतो की. पण यापुढचा प्रश्न विचारायलाच लागतो आणि मी तो आडून विचारत नाही, "मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं असं येतं का मनात?" असं विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ऋतुजा नाही म्हणाली, आणि तिच्या बाकीच्या बोलण्यावरूनही ते पटलं. एवढी खात्री झाल्यावर मग पुढचं.

पुढचं म्हणजे आधी डॉक्टर. थकवा दिसला की लगेच मनाचं नाव लावायची घाई मी करत नाही. रक्त तपासून घे म्हटलं, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी12. हिमोग्लोबिन 9 च्या घरात निघालं, बायकांमध्ये ते 12 च्या वर हवं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याने सगळं सुटलं असं नाही, पण जिना चढताना लागणारी धाप ही "माझी विलपॉवर कमी" म्हणून तिने खपवली होती ती तरी गेली.

आता बर्नआउट म्हणजे नक्की काय, कारण हल्ली सोमवारचा कंटाळा आला तरी लोक बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची जी व्याख्या केली त्यात तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून आहे, आणि खुणा तीन. अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याच्याने काही धड होत नाही असं वाटायला लागणं. व्याख्या नोकरीपुरती आहे पण कॉलेजच्या मुलांमध्येही हेच तिन्ही दिसतं. ऋतुजा समोरच्या कस्टमरला "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न" टाईप करताना मनात शिव्या घालायची आणि मग स्वतःचीच तिला किळस यायची. साध्या दमण्यात आणि यात फरक ओळखायचा तर सुट्टीनंतर काय होतं ते बघा. दमलेला माणूस दोन दिवस नीट झोपला की ताजा होतो, ही वीकऑफला दहा तास झोपायची आणि उठल्यावर पहिला विचार उद्याचा.

मधे एकदा मामा आले. मामांनी स्वतः वागळे इस्टेटला नोकरी करून रात्रीच्या कॉलेजातून बीकॉम केलेलं, घरात त्यांचा शब्द मोठा. "मॅडम, आम्ही पण केलंच ना? आम्हाला कुठे बर्नआउट झाला?" राग येण्यासारखं वाक्य आहे पण माणूस वाईट नव्हता. मी विचारलं, मामा तुमची शिफ्ट कशी होती? सकाळी सात ते साडेतीन, ठरलेली, वर्षानुवर्षं तीच. भोंगा झाला की झालं. सुट्टी रविवारी, कॉलेजलाही रविवारीच सुट्टी. घरी आल्यावर आई ताट वाढायची. कंपनीतून रात्री फोन? फोनच नव्हता. म्हणजे मेहनत त्यांनी केलीच, ती मी कमी नाही लेखत, पण त्यांना रोज ठरलेल्या वेळेला झोप होती आणि आठवड्यात एक अख्खा दिवस रिकामा होता. ऋतुजाचं कॉलेज सोमवार ते शनिवार आणि वीकऑफ बुधवारी. बघा हं, रविवारी नोकरी, बुधवारी कॉलेज. आठवड्याला एक सुट्टी कागदावर मिळते पण अख्खा मोकळा दिवस महिनोन्महिने एकही नाही. हे मांडल्यावर मामा गप्प झाले आणि तिची आईसुद्धा, कारण घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग आम्ही कागद घेतला. टाइमटेबलचा नाही, तासांचा. आठवड्याचे तास 168. नोकरी 9 तास गुणिले 6, झाले 54. ऐरोलीचं जाणं-येणं रोजचे अडीच, 15. कॉलेज साडेचार गुणिले 6, 27, त्याचं जाणं-येणं 9. इथेच 105 संपले. उरले 63. घरातलं पाणी भरणं, पोळ्या, भांडी रोजचे दोन तास धरले, 14. आंघोळ-जेवण-तयारी दीड तास रोज, साडेदहा. उरले साडेअडतीस, भागिले सात, साडेपाच तास. म्हणजे अभ्यास शून्य, मैत्रीण शून्य, मोबाईल शून्य धरला तरी झोपेला दिवसाला साडेपाच तास! आणि मोठ्या माणसाला सात तरी लागतात. ऋतुजा कागदाकडे बघतच राहिली. "म्हणजे मी कितीही नीट केलं असतं तरी बसलंच नसतं ना हे?"

नाही बसलं असतं. म्हणून मी अशा मुलांना टाइमटेबल देत नाही. ज्या आठवड्यात तासच नाहीत त्यात पहाटे चारचा अलार्म लावणं म्हणजे झोपेतून चोरी. काहीतरी काढावंच लागतं, आणि काय काढायचं ते आपण ठरवलं नाही तर शरीर ठरवतं, मग ते दहा नंबरवर बसून राहतं.

नोकरी काढता येत नव्हती, घर त्याच्यावर होतं. कॉलेज तिला सोडायचं नव्हतं. पण एक तिसरी गोष्ट निघाली, जी तिने सांगितलीच नव्हती, डिजिटल मार्केटिंगचा ऑनलाइन कोर्स, हप्त्यावर घेतलेला, कॅबमध्ये बसून व्हिडिओ बघायची. माझा अनुभव असा की या मुलांकडे अशी एक तिसरी गोष्ट लपलेली असतेच, कोर्स, रिसेलिंग, कोणाच्या तरी लग्नाचं मेहंदीचं काम, कारण जितकं मागे पडल्यासारखं वाटतं तितकं अजून काहीतरी अंगावर घेतलं जातं. कोर्स बंद. हप्ते भरावे लागले, पैसे गेले, वाईट वाटलं, पण कॅबमधला सव्वा-दीड तास डोळे मिटायला मोकळा झाला.

घरी पाणी भरायचं काम भावाकडे. "तो दहावीला आहे ना मॅडम," आई लगेच. म्हटलं ताई, ही सेकंड इयरला आहे आणि नोकरीला पण आहे, वीस मिनिटं पाणी भरून कोणी नापास होत नाही. मुलगी कमवायला लागली तरी मोरीतलं काम तिचंच, हे मला पटत नाही आणि मी ते गोड बोलून पटवूनही घेत नाही.

टीएलशी बोलणं सगळ्यात अवघड गेलं. आम्ही ते दोन वेळा बोलून बघितलं, मी टीएल झाले. तिचं पहिलं वाक्य होतं "सर, सॉरी, मला जरा प्रॉब्लेम आहे." सॉरी काढून टाकलं. "सर, मला रविवारचा वीकऑफ हवाय, त्याबदल्यात बुधवारी मी पूर्ण शिफ्ट करेन, परीक्षेच्या महिन्यात स्वॅपसाठी प्रियंका तयार आहे." नेमकं मागितलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं, नुसतं रडगाणं ऐकून कोणी रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, बदलत नाही. दर रविवार नाहीच मिळाला, एक आड एक मिळाला. त्यावर समाधान मानलं.

झोपेचं थोडं सांगते कारण इथे मुलं फार फसतात. ती पहाटे साडेपाचला उठलेली, रात्री एकला अभ्यासाला बसायची. सलग 17 ते 19 तास जागं राहिल्यावर मेंदूची चपळाई रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते असं संशोधन आहे, आणि आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादाच 0.03 आहे. त्या अवस्थेत कॉस्टिंगची गणितं कोणाची सुटणार? शिवाय वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. त्यामुळे रात्रीचा अभ्यास पूर्ण बंद, अभ्यास कॉलेज सुटल्यावर तिथल्याच वाचनालयात चाळीस मिनिटं, डबा तिथेच खायचा आणि तिथूनच ऐरोली गाठायची, घरी कळव्याला येऊन परत जायचं नाही. आणि फक्त दोन केट्यांचे जुने पेपर सोडवायचे. रात्री आठच्या ब्रेकमधली स्ट्राँग कॉफी बंद, कॅफिन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास घेतं, म्हणजे एक वाजता अंगात अजून अर्धी कॉफी.

राहिले रील्स. रात्री पुस्तक मिटल्यावर ती दोनपर्यंत रील्स बघायची आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज. विचारलं का बघतेस, तर म्हणाली, "मॅम दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो." खरंय की! तो वेळ मी काढून घेतला नाही, फक्त जागा बदलली. रविवारी संध्याकाळी मैत्रिणीबरोबर ठाण्यातल्या तळ्याकाठी, तलावपाळीला, पाणीपुरी, एक फेरी, अभ्यासाचा विषय काढायचा नाही. रात्रीचे रील्स आपोआप अर्ध्यावर आले, पूर्ण गेले नाहीत.

पुढच्या वर्षासाठी तिने डिस्टन्सचा विचार केला. घरात लगेच "त्या डिग्रीला किंमत नसते." मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2022 मध्ये स्पष्ट केलंय. मुंबई विद्यापीठाचं आयडॉल, ज्याला आता सीडीओई म्हणतात, नाशिकचं मुक्त विद्यापीठ, इग्नू, हे सगळं नोकरी करता करता करता येतं. मधल्या वर्षात प्रवेशाचे नियम मात्र केंद्रावर जाऊन विचारा, मैत्रिणीच्या मैत्रिणीवर विसंबू नका.

एक महत्त्वाचं. दोन आठवड्यांच्या वर रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटतंय, आवडीचं काहीच आवडेनासं झालंय, जगण्यातच अर्थ नाही असं येतंय, तर ते बर्नआउट म्हणून अंगावर काढू नका, ते रोस्टर बदलून जात नाही. टेलि-मानस 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि "ठाण्याला पाठवा याला" हा आपला जुना विनोद बाजूला ठेवा, 1901 पासूनचं ते मनोरुग्णालय आहे, तिथे ओपीडी आहे, बाहेरून दाखवून, औषध घेऊन लोक घरी जातात.

ऋतुजाची एक केटी सुटली, दुसरी परत लागली. चिडचिड बरीच कमी झालीय, परीक्षेच्या आधी वाढते. मधे कंपनीत तिला क्वालिटीच्या टीममध्ये जागा देऊ केली, पगार थोडा जास्त पण शिफ्ट फिरती. तिने हो म्हणायच्या आधी स्वतःच तासांचा कागद करून मला फोटो पाठवला, झोपेच्या आकड्याभोवती पेनने गोल केलेला. खाली मेसेज, "मॅम पेपर झाल्यावर देतात का विचारते. नाही दिलं तर जाऊ दे."